आधी खातरजमा, मग पत्रक : जनसंपर्काच्या रोजच्या कामाचा इतिहास



जनसंपर्क अधिकारी काय काम करतो, असे वर्गात विचारले की ठरावीक उत्तरे येतात. पाहुण्यांचे स्वागत करतो, कार्यक्रमाचे फोटो काढून घेतो, वर्तमानपत्रात बातमी छापून आणतो, साहेबांची बाजू सांभाळतो. यातले काहीही खोटे नाही. पण या उत्तरांतून त्या माणसाचा दिवस कसा जातो आणि त्या दिवसातला नेमका अवघड क्षण कोणता, हे कळत नाही. या पाठात आपण तो क्षण शोधणार आहोत, आणि त्यासाठी सव्वाशे वर्षे मागे जाणार आहोत.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. माझ्यासमोर बसणारे बहुतेक विद्यार्थी जनसंपर्क क्षेत्रात जाणार नाहीत. तुमच्यापैकीही थोडेच जातील. पण कारखान्यात, रेल्वेत, वीज कंपनीत, रुग्णालयात किंवा बँकेत तुम्ही नोकरी कराल, तेव्हा कधीतरी तुमच्या टेबलावरचा फोन वाजेल आणि जनसंपर्क विभागातला माणूस विचारेल, "नक्की काय झालं आहे?" तुम्ही जे सांगाल ते तासाभरात शहरभर जाईल. म्हणून या व्यवसायाचा इतिहास त्यातल्या माणसांइतकाच तुमच्याही उपयोगाचा आहे.

१. दिवस कसा जातो

आधी रोजचे काम समजून घेऊ. सकाळ वाचनाने सुरू होते. आपल्या संस्थेबद्दल कोठे काय छापून आले, हे पाहायचे. पूर्वी यासाठी कात्री आणि डिंक लागे. कात्रण काढून कागदावर चिकटवायचे, वर वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख लिहायची, आणि फाइल साहेबांच्या टेबलावर ठेवायची. आज ही फाइल मोबाइलवर येते, पण काम तेच आहे. त्यानंतर बातमीदारांचे फोन येतात. काही प्रश्नांची उत्तरे हाताशी असतात, काहींसाठी आतल्या विभागांना विचारावे लागते.

मग पत्रकाचा मसुदा. तो लिहायला अर्धा तास पुरतो. मंजुरीला दिवस जातो. संबंधित विभाग एक आकडा काढून टाकतो, कायदा विभाग एक वाक्य बदलतो, वरिष्ठ अधिकारी शब्द मऊ करतात. 'अपघात' या शब्दाची 'घटना' होते, 'चूक' असेल तेथे 'तांत्रिक अडचण' येते. तिकडे वर्तमानपत्राचे पान लागण्याची वेळ जवळ येत असते. पत्रक गेल्यावरही ते छापून येईल याची खात्री नसते. छापून आले तर त्यातल्या दोन ओळीच येतात, आणि त्या नेमक्या साहेबांना नको असलेल्या असतात.

या माणसाची जागाही विचित्र आहे. संस्थेतल्या लोकांना वाटते, हा पत्रकारांचा माणूस. पत्रकारांना वाटते, हा कंपनीचा माणूस. दोन्हीकडे थोडा संशय असतो आणि दोन्हीकडचा थोडा विश्वास टिकवल्याशिवाय काम चालत नाही.

वाचन, फोन, मसुदा, मंजुरी, पाठपुरावा ही कामे बाहेरून दिसतात. एक काम मात्र दिसत नाही. आतल्या माणसाने माहिती दिल्यावर त्याला उलट विचारायचे : "हे तुम्ही स्वतः पाहिले का? हा आकडा कोणी मोजला? दुसरी बाजू काय म्हणते?" पगार देणाऱ्यालाच असे प्रश्न विचारणे सोपे नसते. पण या व्यवसायाचा इतिहास पाहिला तर त्याचे यश आणि त्याची बदनामी, दोन्ही याच प्रश्नांवर ठरली आहेत. एकाच माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही घडलेले आपल्याला दिसते. त्याचे नाव आयव्ही ली.

२. बंद दाराचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत रेल्वे, पोलाद, तेल आणि कोळसा या धंद्यांत प्रचंड मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांची वागण्याची रीत साधी होती : धंदा आमचा, लोकांना सांगायचे कारण नाही. अपघात झाला की बातमीदारांना दूर ठेवायचे, संप झाला की तोंड बंद ठेवायचे.

याचा तोटा १९०२ साली पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणींच्या संपात दिसला. खाणकामगारांचे नेते जॉन मिशेल पत्रकारांना भेटत, शांतपणे आपले म्हणणे मांडत. मालक बोलायला तयार नव्हते. हिवाळा जवळ आला, घरे उबदार ठेवायला कोळसा मिळेना, आणि लोकांची सहानुभूती बोलणाऱ्या बाजूकडे गेली. शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्यस्थी करावी लागली. मालकांच्या गप्प राहण्याची किंमत त्यांनाच मोजावी लागली होती.

१९०६ मध्ये पुन्हा संपाची चिन्हे दिसू लागली तेव्हा त्याच खाणमालकांनी आपली बाजू मांडण्यासाठी एका माणसाला नेमले. तो म्हणजे आयव्ही ली. जॉर्जिया राज्यातल्या एका धर्मोपदेशकाचा हा मुलगा १८७७ मध्ये जन्मला, प्रिन्स्टन विद्यापीठात शिकला आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत बातमीदारी करून या नव्या कामात आला होता. बातमीदाराला काय हवे असते, हे त्याला आतून माहीत होते : नेमकी माहिती, वेळेवर, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर.

लीने त्या वेळी वर्तमानपत्रांच्या संपादकांना एक निवेदन पाठवले. इतिहासात ते 'तत्त्वांचे घोषणापत्र' म्हणून ओळखले जाते. त्याचा आशय असा : हे गुप्त प्रसिद्धी कार्यालय नाही, आमचे सगळे काम उघड चालते. ही जाहिरात संस्थाही नाही. आमचा मजकूर जाहिरातीसारखा वाटला तर तो छापू नका. आम्ही देतो ती माहिती अचूक आहे, आणि कोणाला ती तपासून पाहायची असेल तर आम्ही मदत करू.

या निवेदनात तीन आश्वासने आहेत, ती लक्षात ठेवा. काम उघड असेल, माहिती अचूक असेल, तपासणीला मदत मिळेल. पुढच्या सगळ्या घटना आपण याच तीन कसोट्यांवर पाहणार आहोत.

३. १९०६ : दार उघडले

त्याच वर्षी ली पेनसिल्व्हेनिया रेलरोड या बड्या रेल्वे कंपनीसाठीही काम करू लागला. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी या कंपनीच्या अखत्यारीतल्या मार्गावर अटलांटिक सिटीजवळ विजेवर चालणारी तीन डब्यांची गाडी पुलावर रूळ सोडून खाली पाण्यात कोसळली. जहाजांना वाट देण्यासाठी उघडमीट होणारा तो पूल होता. ५० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. या मार्गावर विजेची गाडी सुरू होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते.

जुन्या रिवाजाप्रमाणे कंपनीने गप्प बसायला हवे होते. त्याऐवजी तिच्या वतीने अपघाताबद्दलचे लेखी निवेदन वर्तमानपत्रांना देण्यात आले, आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ३० ऑक्टोबरच्या अंकात ते जसेच्या तसे छापले. पाठ्यपुस्तकांत याला अनेकदा 'पहिले प्रसिद्धिपत्रक' म्हणतात. हा मान थोडा जपून द्यायला हवा, कारण बॉस्टनमध्ये १९०० पासून पब्लिसिटी ब्युरो नावाची संस्था ग्राहकांच्या वतीने वर्तमानपत्रांना मजकूर पुरवत होती. १९०६ चे वेगळेपण असे की, अडचणीत सापडलेली कंपनी स्वतःच्या अपघाताबद्दल स्वतः बोलत होती. याच रेल्वेच्या आणखी एका अपघाताच्या वेळी लीने बातमीदारांना कंपनीच्या खर्चाने घटनास्थळी नेले, हेही त्याच्या चरित्रात आवर्जून सांगितले जाते.

ही पद्धत का चालली? लीची भाषा गोड होती म्हणून नव्हे. बातमीदार पुलापाशी उभा राहून डबे पाहू शकत होता. कंपनीचे निवेदन आणि डोळ्यांना दिसणारी गोष्ट, दोन्ही शेजारी ठेवून तपासता येत होती. म्हणजे तिसरे आश्वासन पाळले गेले होते, आणि ते पाळायचे म्हटल्यावर दुसरे आपोआप पाळावे लागले. समोरचा तपासणार आहे हे माहीत असले की माणूस खोटे लिहीत नाही.

आज अपघातस्थळी पत्रकारांसाठी जागा ठरवणे, ठरावीक वेळी माहिती देणे, मृत आणि जखमींची यादी एकाच ठिकाणाहून जाहीर करणे या ज्या सवयी आपण पाहतो, त्यांच्या मुळाशी याच काळातले प्रयोग आहेत.

४. १९१४ : तोच माणूस, तीच पद्धत

आता आठ वर्षे पुढे जाऊ. कोलोरॅडो राज्यात कोलोरॅडो फ्युएल अँड आयर्न ही कोळसा आणि पोलादाची मोठी कंपनी होती. तिच्यात रॉकफेलर कुटुंबाचा फार मोठा हिस्सा होता. सप्टेंबर १९१३ मध्ये तेथल्या खाणकामगारांनी संप केला. कामगार कंपनीच्या घरांत राहत असल्यामुळे संप करताच त्यांना घरे सोडावी लागली, आणि ती कुटुंबे तंबूंच्या वसाहतींत राहू लागली. २० एप्रिल १९१४ रोजी लडलो येथल्या तंबूंवर राज्याच्या नॅशनल गार्डचे सैनिक आणि कंपनीचे पहारेकरी यांनी हल्ला केला. गोळीबार झाला, तंबू पेटले. एका तंबूखाली खणलेल्या खड्ड्यात आसऱ्याला बसलेल्या दोन स्त्रिया आणि ११ मुले गुदमरून मेली.

देशभर संताप उसळला. जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्या न्यूयॉर्कच्या कार्यालयासमोर निदर्शने झाली. काही आठवड्यांतच त्यांनी आयव्ही लीला मदतीला घेतले.

लीने पत्रकांची मालिका सुरू केली. संपाबद्दलची 'वस्तुस्थिती' असे तिचे स्वरूप होते. संपादक, लोकप्रतिनिधी, शिक्षक, धर्मोपदेशक अशा मत घडवणाऱ्या लोकांकडे ही पत्रके जात. ती निघत खाणमालकांच्या समितीच्या नावाने. प्रत्यक्षात ती पूर्वेला फिलाडेल्फियात तयार होत, तेथून डेन्व्हरला पाठवली जात आणि डेन्व्हरच्या टपालातून लोकांना जात. लिहिणारा कोण आणि पैसे कोणाचे, हे वाचणाऱ्याला कळत नसे. पहिले आश्वासन येथे मोडले.

मजकुराचे काय? एका पत्रकात कामगार नेत्यांना संपाच्या काळात किती पैसे मिळाले याचे आकडे होते. नऊ आठवड्यांसाठी म्हणून दिलेल्या त्या रकमा प्रत्यक्षात वर्षभराचा पगार आणि खर्च मिळून झालेल्या होत्या. म्हणजे नेत्यांचे उत्पन्न पाच-सहा पटींनी फुगवून दाखवले गेले. कामगार कुटुंबे तंबूंत दिवस काढत असताना त्यांचे नेते चैन करत आहेत, असे चित्र त्यातून उभे राहिले. चुकीची दुरुस्ती निघाली ती फार उशिरा. मदर जोन्स या वयोवृद्ध कामगार नेत्या होत्या. त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा मजकूरही पसरवला गेला. दुसरे आश्वासनही मोडले.

अमेरिकी सरकारने औद्योगिक संबंधांच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. त्याचे अध्यक्ष फ्रँक वॉल्श यांनी १९१५ मध्ये लीची साक्ष घेतली. माहिती कोठून मिळाली? खाणमालकांकडून. ती खरी आहे हे पाहण्यासाठी स्वतः काय केले? काहीच नाही. हे उत्तर लीने शपथेवर दिले आहे.

कवी आणि पत्रकार कार्ल सँडबर्ग यांनी त्याला पैसे घेऊन खोटे बोलणारा म्हटले. कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर यांनी त्याचे नाव 'पॉयझन आयव्ही' ठेवले. हे एका विषारी वेलीचे नाव आहे. तिचा स्पर्श झाला की अंगावर पुरळ उठते. ते टोपणनाव लीला मरेपर्यंत चिकटले.

येथे जरा थांबून विचार करा. १९०६ मध्ये आणि १९१४ मध्ये माणूस तोच होता, त्याचे लेखनकौशल्य तेच होते, पत्रके पाठवण्याची पद्धतही तीच होती. मग फरक कशात पडला? अटलांटिक सिटीत पत्रकाच्या मागे तपासता येईल अशी वस्तुस्थिती होती. कोलोरॅडोत पत्रकाच्या मागे फक्त मालकाचा शब्द होता, आणि लिहिणारा दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर बसला होता. त्याने सर्व काही केले. फक्त विचारले नाही.

गंमत अशी की लीला विचारता येत होते. ऑगस्ट १९१४ मध्ये तो स्वतः कोलोरॅडोला गेला, खाणींच्या गावांत फिरला. कामगार आपल्या तक्रारी वरपर्यंत न्यायला घाबरतात, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने ते रॉकफेलर यांना कळवले. सप्टेंबर १९१५ मध्ये रॉकफेलर खाणींत गेले, कामगारांच्या घरी बसले, त्यांच्याशी बोलले. पुढे मॅकेन्झी किंग यांच्या सल्ल्याने कामगार प्रतिनिधींची एक योजनाही आली. तिच्यावर टीका झाली, कारण तिने स्वतंत्र कामगार संघटनेला मान्यता दिली नव्हती. तरी एवढे स्पष्ट आहे की पत्रकांच्या ढिगापेक्षा लीच्या त्या एका दौऱ्यातून जास्त हाती लागले.

१९३४ मध्ये ली पुन्हा एकदा चौकशीच्या फेऱ्यात आला. या वेळी जर्मनीतल्या आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीला तो सल्ला देत होता, आणि जर्मनीत हिटलरची सत्ता आली होती. अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे त्याला साक्ष द्यावी लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा मृत्यू झाला. १९३८ मध्ये अमेरिकेने कायदा करून परदेशी शक्तींच्या वतीने प्रचार करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची केली. म्हणजे 'आमचे काम उघड चालते' हे जे वचन लीने १९०६ मध्ये आपखुशीने दिले होते, ते पाळायला लावण्यासाठी शेवटी कायदा करावा लागला.

५. भारतात हे काम कसे आले

आपल्याकडे या कामाची सुरुवात सरकारी कार्यालयातून झाली. जून १९१९ मध्ये ब्रिटिश भारत सरकारच्या गृह विभागाखाली सिमल्याला माहिती देणारा एक छोटा कक्ष स्थापन झाला. अलाहाबाद विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक रशब्रुक विल्यम्स त्याचे प्रमुख होते. पुढे या कक्षाची नावे आणि रूपे बदलत गेली. १९४१ मध्ये जे. नटराजन हे त्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले, आणि १९४६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले : प्रेस इन्फर्मेशन ब्युरो, म्हणजेच पत्र सूचना कार्यालय.

स्थापनेचा महिना पुन्हा पाहा. जालियनवाला बागेतला गोळीबार १३ एप्रिल १९१९ चा. त्यानंतर पंजाबात लष्करी कायदा होता आणि तेथल्या बातम्यांवर कडक निर्बंध होते. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांना त्याच एप्रिलमध्ये मुंबईतून उचलून इंग्लंडला पाठवून देण्यात आले. म्हणजे सरकारचा एक हात माहिती देण्याचे कार्यालय उघडत होता आणि दुसरा हात माहिती देणाऱ्याला देशाबाहेर काढत होता. माहिती देण्याची यंत्रणा आहे, याचा अर्थ माहिती मिळते आहे असा होत नाही. लीचे तिसरे आश्वासन, तपासणीला मदत, येथे मुळातच नव्हते.

खाजगी क्षेत्रात टाटा समूहाने १९४३ मध्ये मुंबईत स्वतंत्र जनसंपर्क विभाग सुरू केला. १९५८ मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संघटना स्थापन झाली. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीत पहिल्या अखिल भारतीय परिषदेत या संघटनेने आंतरराष्ट्रीय आचारसंहिता स्वीकारली. ही संहिता १९६५ मध्ये अथेन्स येथे तयार झाली होती. २१ एप्रिल हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळतात तो यामुळे.

पण सनद कितीही चांगली असली तरी ती पाळण्याची वेळ रात्री दोन वाजता येते. त्याची दोन उदाहरणे पाहू. दोन्ही अभियांत्रिकीशी थेट संबंधित आहेत.

६. 'अजून माहीत नाही' हे तीन शब्द

२८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातली दुसरी भट्टी बिघडली. कंपनीने सुरुवातीला परिस्थिती किरकोळ असल्याचे चित्र उभे केले. त्यावर विसंबून राज्याचे उपराज्यपाल विल्यम स्क्रँटन यांनी सकाळी पत्रकारांना सांगितले की सर्व काही आटोक्यात आहे. त्याच दिवशी दुपारी त्यांना पुन्हा पत्रकारांसमोर येऊन सांगावे लागले की कंपनीने आम्हाला सांगितले होते त्यापेक्षा प्रकरण गुंतागुंतीचे आहे. पुढचे दोन दिवस कंपनी एक सांगत होती, अधिकारी दुसरे. ३० मार्चला राज्यपालांनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना बाहेर पडण्याचा सल्ला दिला. प्रत्यक्षात एक लाखाहून अधिक लोक घरे सोडून गेले. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी अणुऊर्जा नियामक आयोगाचे हॅरॉल्ड डेंटन यांना पाठवले, आणि एकच जाणकार माणूस नियमित माहिती देऊ लागल्यावर गोंधळ ओसरू लागला.

येथली खरी अडचण फक्त लपवालपवीची नव्हती. भट्टीत काय चालले आहे, हे नियंत्रण कक्षातल्या अभियंत्यांनाही नीट समजले नव्हते. गाभ्याचा सुमारे निम्मा भाग वितळला होता, हे काही वर्षांनी आत कॅमेरा सोडल्यावर कळले. अशा वेळी खरे उत्तर एकच होते : "अजून माहीत नाही; अमुक वाजता पुन्हा सांगू." ही तीन शब्दांची कबुली कोणत्याही संस्थेला फार जड जाते. पण 'सर्व आटोक्यात आहे' हे न तपासलेले वाक्य एकदा खोटे ठरले की पुढची दहा खरी वाक्येही कोणी ऐकत नाही.

७. भोपाळ : माहिती हेच औषध असते तेव्हा

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा वायू सुटला. बाहेरच्या वस्तीला ऐकू जाणारा भोंगा थोडा वेळ वाजून बंद करण्यात आला. किरकोळ गळतीने लोकांत उगाच घबराट पसरू नये म्हणून बाहेरचा भोंगा लगेच थांबवायचा, अशी कारखान्यात पद्धत पडली होती. ही सवय कोणत्याही जनसंपर्काच्या पुस्तकात नाही, पण तिच्यामागचा विचार ओळखीचा आहे : आपल्याबद्दल वाईट बोलले जाऊ नये.

हमीदिया रुग्णालयात हजारो माणसे आली. डोळे सुजलेले, श्वास लागलेला. डॉक्टरांना वायू कोणता आणि उपचार काय, हे माहीत नव्हते. कारखान्याकडून त्यांना सांगण्यात आले की हा वायू जळजळ करणारा आहे, जीवघेणा नाही. त्याच वेळी समोर माणसे मरत होती.

लडलोच्या पत्रकातल्या खोट्या आकड्याने कामगारांची बदनामी झाली. येथे चुकीच्या माहितीने उपचारांची दिशाच चुकण्याची वेळ आणली. रुग्णालयाला मिळणारी माहिती हे प्रसिद्धीचे काम नाही, असे तुम्ही म्हणाल. पण त्या रात्री कारखान्यातून बाहेर जाणारा प्रत्येक शब्द हा जनसंपर्कच होता, मग तो सांगणारा कोणत्याही हुद्द्याचा असो.

आणखी एक गोष्ट. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून आपल्या साप्ताहिकात या कारखान्याच्या धोक्याबद्दल लिहिले होते. ती कात्रणे शहरात सर्वांना वाचता येत होती. सकाळचे वाचन हे जनसंपर्काचे पहिले काम आहे, असे आपण सुरुवातीला म्हटले. त्या वाचनाचे दोन प्रकार असतात. आपल्याविरुद्ध कोणी लिहिले याची नोंद ठेवायची, हा एक. लिहिले आहे ते खरे आहे का, हे आत जाऊन पाहायचे, हा दुसरा. पहिल्या प्रकारात फाइल जाड होते. दुसऱ्या प्रकारात एखादे वेळी नादुरुस्त झडप सापडते.

८. तुमच्या टेबलावरचा फोन

आता पुन्हा रोजच्या दिवसाकडे येऊ. साधने बदलली आहेत. पान लागण्याची वेळ राहिलेली नाही, कारण बातमी मिनिटाला बदलते. घटनास्थळी बातमीदाराच्या आधी मोबाइल पोहोचतो. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामुळे सार्वजनिक संस्थांत जन माहिती अधिकारी नेमला जातो. त्याने सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. जनसंपर्क अधिकारी आणि जन माहिती अधिकारी यांत गल्लत करू नका. पहिला काय सांगायचे ते निवडतो. दुसऱ्याला, कायद्याने वगळलेले विषय सोडले तर, विचारलेले द्यावे लागते. लीचे तिसरे आश्वासन आपल्याकडे अशा प्रकारे नागरिकाचा हक्क बनले.

तरी मधला क्षण तोच आहे. पत्रक लिहिणारा माणूस तुम्हाला फोन करतो. त्याला घाई असते, वरिष्ठांचा दट्ट्या असतो, आणि त्याला तुमच्या विषयातले फारसे कळत नसते. तुम्ही 'सगळं ठीक आहे' म्हणालात तर तो तसेच लिहील. तुम्ही तपासलेले, न तपासलेले आणि माहीत नसलेले असे तीन भाग करून सांगितलेत, तर त्याच्या हाती खरे पत्रक तयार करण्याचे साधन येईल. आणि तुम्हीच ते पत्रक लिहिणारे असाल, तर समोरचा अभियंता कितीही मोठ्या हुद्द्याचा असो, त्याला विचारा : हे तुम्ही पाहिले, की ऐकले?

आयव्ही लीला या व्यवसायाचा एक जनक मानतात. त्याने पत्रक कसे लिहावे हे शिकवले, दार कसे उघडावे हे दाखवले. न विचारता लिहिले तर काय होते, हेही त्याच्याच उदाहरणातून आपण शिकतो. फिलाडेल्फियातल्या टेबलावर बसून त्याला तो नऊ आठवड्यांचा आकडा तपासता आला असता. नऊ आठवड्यांत एवढे पैसे कसे मिळतील, असा साधा गुणाकार-भागाकाराचा प्रश्न होता तो.

विचारासाठी प्रश्न

१. १९०६ च्या घोषणापत्रातली तीन आश्वासने सांगा. लडलोच्या प्रकरणात कोणती मोडली आणि कशी?

२. थ्री माइल आयलंडच्या पहिल्या दिवशी तुम्ही कंपनीचे जनसंपर्क अधिकारी असता, तर सकाळचे पत्रक कसे लिहिले असते? पाच ओळींत मसुदा तयार करा आणि प्रत्येक वाक्याच्या पुढे ते कोणी तपासले हे लिहा.

३. तुमच्या महाविद्यालयाने किंवा गावातल्या एखाद्या सार्वजनिक संस्थेने काढलेले अलीकडचे एक प्रसिद्धिपत्रक मिळवा. त्यातली कोणती विधाने बाहेरच्या माणसाला तपासता येतील, कोणती येणार नाहीत, याची यादी करा.